द्वारकाबाईंच्या हातातला कागद

पंढरी भोईर पुतळे घडवायचा, पण कुणी शिल्पकार म्हटलं की अवघडायचा. "आम्ही मूर्तीवाले," म्हणायचा आणि विषय बदलायचा. कोलशेतच्या आगरी घरातला हा मुलगा. दहावीला गणितात नापास झाला तसा बापाने, विठ्ठल भोइराने, त्याला गणपतीच्या कारखान्यात माती मळायला बसवलं. मातीत हात बसला तो बसलाच. पुढे कल्याणला एका म्हाताऱ्या मूर्तिकाराकडे बारा वर्षं राबला, आणि म्हातारा गेल्यावर खाडीकडची त्याचीच पत्र्याची शेड चालवायला घेतली. आता वय सत्तावन्न. शेडच्या भिंतीला लागून त्याने घडवलेल्या माणसांचे साचे उभे असत. शाळांचे संस्थापक, गावचे पुढारी, एका कारखानदाराचे दिवंगत वडील. सगळ्यांच्या घरच्यांची मागणी एकच, साहेब रुबाबदार दिसले पाहिजेत. पंढरी छाती दोन बोटं पुढे काढून द्यायचा, की काम झालं.

बाईचा पुतळा मात्र त्याने कधी केला नव्हता. देव्या केल्या होत्या शेकड्यांनी, पण ते काम निराळं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ठाण्याच्या नौपाड्याहून सुमेधाताई केळकर शेडवर आल्या. सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आखूड कापलेले पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. त्यांच्या मंडळाने आठ वर्षं खेटे घालून नौपाड्यातल्या एका चौकात पुतळ्यासाठी जागा मिळवली होती.

"द्वारकाबाई खांबेटे हे नाव ऐकलंय का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नाही बा."

"कुणीच ऐकलेलं नाही. म्हणून तर पुतळा."

मग स्टुलावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. शंभर वर्षांमागची गोष्ट. घरपट्टी भरणाऱ्या पुरुषाला मत होतं, बाईला नव्हतं. घर तिच्या नावावर असलं तरी नव्हतं. द्वारकाबाई ही एका वकिलाची विधवा बहीण. तिने बायकांना मत मिळावं म्हणून एक अर्ज लिहिला, आणि तो घेऊन ठाण्यापासून कल्याणपर्यंत दारोदार हिंडली. तीन पावसाळे हिंडत होती. कुणी पाणी दिलं, कुणी अंगावर कुत्रं सोडलं. ज्या कचेरीने अर्ज घ्यायला नकार दिला तिच्या पायरीवर ती सलग अकरा दिवस जाऊन बसली.

"आणि एक गोष्ट," सुमेधाताई म्हणाल्या. "ती दारात उभी राहून आधी पूर्ण अर्ज वाचून दाखवायची. शेवटच्या ओळीपर्यंत. मगच सही मागायची. जिला लिहिता येत नसेल तिचा अंगठा. वाचून दाखवल्याशिवाय आत्याने एकही अंगठा घेतला नाही, असं तिच्या भाचीने वहीत लिहून ठेवलंय. तर पुतळ्याच्या हातात अर्ज हवा. पुढे केलेला. सही करा, असं म्हणणारा."

पंढरी मातीचा गोळा मळत होता. त्याचा हात थांबला. "चहा घेणार ना ताई?" त्याने विचारलं आणि उठून मोरीकडे गेला. नळ सोडून तो उगाचच बराच वेळ हात धूत राहिला.

त्याला स्वतःचा हात आठवला होता. तोही एकदा असाच एका बाईपुढे कागद धरून उभा होता.

सोळा वर्षं झाली त्याला. कोलशेतला खाडीच्या अंगाला भोइरांची भाताची खाचरं होती. बाप आधीच गेला होता, मग आई गेली. मागे वारस दोघेच, पंढरी आणि त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी बहीण कलावती. आईच्या वर्षश्राद्धाला दोन महिने होत नाहीत तोच जमिनीवर इमारती उठवणाऱ्यांची माणसं घरी येऊ लागली. त्यातल्या एकाने चहा पिता पिता सांगितलं, "बहिणीचं हक्कसोड करून टाका शेठ. पुढे भानगड नको." गावात सगळेच भाऊ हेच करत होते. कुणी बहिणीला साडी दिली, कुणी बांगड्या. पंढरीने स्वतःला तेच सांगितलं, सगळेच करतात.

पण सगळ्यांनी निदान बहिणीला सांगून केलं. पंढरीला तेवढाही धीर झाला नाही. बहीण नाही म्हणाली तर काय, याचं त्याला भय होतं. आणि हो म्हणाली तर तिच्या तोंडाकडे बघायचं कसं, याचं त्याहून जास्त. तो तिच्या घरी जाऊन म्हणाला, "बाय, आईच्या जागी आपली नावं लावायचीत. वारसनोंद. एक सही लागंल तुझी." रिक्षाने तिला ठाण्याला नोंदणी कचेरीत नेलं. वाटेत सांगितलं, आतले साहेब विचारतील, राजीखुशीने करताय का, तर हो म्हण. ती हो म्हणाली. टेबलावर कागद ठेवून पंढरीने तो तिच्यासाठी धरला, आणि कागद धरणारा त्याचा पंजा बरोबर वरच्या मोठ्या अक्षरांवर होता.

परतताना त्याने चांगला हातभर जिताडा घेतला, खाडीतला महागातला मासा. बहिणीसाठी जिताडा त्याने त्याआधी कधी घेतला नव्हता. त्याची बायको हेमांगी, तिने कालवण केलं. कलावती पोटभर जेवली, भांडी घासू लागली आणि संध्याकाळी आपल्या घरी गेली.

खाचरांवर सत्तावीस मजले उभे राहिले. पंढरीला तीन फ्लॅट मिळाले. एकात तो आणि हेमांगी, दुसऱ्यात मुलगा विनीत आणि सून अक्षदा, तिसऱ्यात भाडेकरू. कलावतीचा नवरा ज्या कंपनीत होता ती बंद पडली, मग दोन वर्षांत तोही गेला. ती मुलीला, ऐश्वर्याला घेऊन दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत गेली. लग्नाच्या, हळदीच्या ऑर्डरी घेऊन तांदळाच्या भाकऱ्या करू लागली. पंढरी तिच्याकडे सोळा वर्षांत चार वेळा गेला असेल. प्रत्येक वेळी सफरचंदं घेऊन गेला आणि चहा संपायच्या आत उठला. भाऊबीजेला ती यायची. ओवाळायची. त्या वेळी पंढरी बहिणीकडे बघायचा नाही, निरांजनाकडे बघायचा.

तर आता हा पुतळा. द्वारकाबाईंचा एकच फोटो मिळाला होता, कसल्याशा मेळाव्याचा, पन्नास बायकांचा. त्यात त्यांचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा. पंढरीने भिंग लावून पाहिलं. कपाळ धूसर, डोळे धूसर. हनुवटी तेवढी स्पष्ट होती, जरा पुढे आलेली, हट्टी. ही हनुवटी त्याच्या ओळखीची होती.

त्याने ते मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं. तीन आठवडे फोटोवरूनच काम करत राहिला. सळ्यांचा सांगाडा उभारला, माती चढवली, पदर काढला, चेहरा काढला. सुमेधाताई बघायला आल्या. पुतळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"पंढरीदादा, रागावू नका," त्या म्हणाल्या. "सुंदर झालंय. पण ही आरतीला उभी राहील. अर्ज घेऊन हिंडणार नाही."

पंढरी रागावला नाही. त्याला ते आधीच कळलं होतं.

"कुणी खरीखुरी बाई उभी करा ना समोर," सुमेधाताई म्हणाल्या. "साठीच्या आसपासची. कष्ट केलेली. आहे कुणी घरात?"

"बहीण आहे," पंढरी म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला वाटलं, हे आपण का बोललो?

कलावतीने फोनवर आधी खूप हसून घेतलं. "माझा पुतळा? अरे, कावळे बसतील डोक्यावर!" पण आली. आठवड्यातून दोन दिवस सकाळी दिव्याहून यायची, बारापर्यंत उभी राहायची. येताना फडक्यात भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणायची. तिला ब्राह्मणी नऊवारी नेसवायला सुमेधाताई पहिल्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या. कलावती आरशात बघून म्हणाली, "आमच्यात लुगडं गुडघ्याच्या खाली गेलं की काम सुचत नाय. ही बाई एवढं पायघोळ सांभाळून हिंडली कशी?" दोघी हसत बसल्या. पंढरी पाठमोरा होऊन माती भिजवत राहिला.

चेहरा चार दिवसांत आला. हनुवटी तर बोटांनी आपोआप काढली. अडलं ते हातापाशी.

अर्ज धरलेला उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढे हवा होता. कलावती हात पुढे करायची आणि दोन मिनिटांत तो थरथरत खाली यायचा.

"जरा वर," पंढरी म्हणायचा.

"जात नाय रं वर. खांदा धरतो."

"कधीपासून?"

"झाली सात-आठ वर्षं. तिसऱ्या माळ्यावर पाणी चढवायचं. आमच्या बिल्डिंगीत नळाला पाणी कमी आणि हवा जास्त. टँकर आला की खाली पळायचं. डावीकडे हंडा, उजवीकडे हंडा. डॉक्टर म्हणतो पाणी उचलू नको. म्हटलं, पिऊ पण नको का?"

तिने हे गमतीत सांगितलं. पंढरीने एक लाकडी टेकू करून तिच्या कोपराखाली लावला. टेकू लावताना तिच्या खांद्याला हात लागला तेव्हा ती कळवळली. त्या दिवशी त्याने काम अकरालाच थांबवलं. घरी गेला तर हेमांगी म्हणाली, तिसऱ्या फ्लॅटचा भाडेकरू बाथरूममधला गरम पाण्याचा नळ गळतोय म्हणून तक्रार करत होता. पंढरी जेवला नाही.

पुढच्या खेपेला कलावतीने उभ्या उभ्या विचारलं, "या बाईने नक्की केलं काय रं? पुतळ्याएवढं?"

पंढरीने सांगितलं. अर्ज, तीन पावसाळे, कुत्रं, पायरी. वाचून दाखवायची गोष्ट गाळून.

"सह्या दिल्या बायकांनी?"

"दिल्या. अंगठे पण."

"पण दारात आलेल्या परक्या बाईला कोण अंगठा देतंय? मी नसता दिला. काय लिहिलंय ते कळल्याशिवाय कशाला देऊ?"

पंढरी कोरणी हातात घेऊन पुतळ्याच्या मागच्या बाजूला गेला. तिथे काहीच करायचं नव्हतं. मागून त्याचाच आवाज आला, "ती वाचून दाखवायची. सगळा कागद. मगच."

"मंग बरोबर," कलावती म्हणाली.

एवढंच. पण त्या दिवसापासून पंढरीला त्या हाताचं काम जमेना. मनगट केलं, मोडलं. बोटं केली, मोडली. कागद धरलेली बोटं नेहमी वरच्या कडेवर जायची, अक्षरं झाकायची. आठ दिवसांत त्याने तो हात सहा वेळा मोडला. हेमांगीने विचारलं, "काय होतंय?" तो म्हणाला, "माती बरोबर नाही." तीस वर्षं तीच माती तो वापरत होता.

सातव्या वेळेला शेडमध्ये दोघेच होते. कलावती टेकूवर कोपर ठेवून उभी, हातात वर्तमानपत्राची घडी. पंढरी तिच्या समोर उकिडवा बसला होता. त्याने कोरणी खाली ठेवली.

"बाय," तो म्हणाला, "तो कागद वारसनोंदीचा नव्हता."

कलावतीने हात खाली घेतला. वर्तमानपत्र नीट घडी करून स्टुलावर ठेवलं.

"म्हायती हाय मना."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. सातवी शिकलेय मी, पंढरी. तू वरची ओळ झाकलीस. तुझा पंजा केवढा, कागद केवढा? खाली चार ठिकाणी लिहिलं होतं, हक्क सोडून देत आहे, सोडून देत आहे."

इतकी वर्षं त्याच्या मनाच्या तळाशी एक आधार होता, तिला माहीत नाही. निदान तिला दुःख तरी नाही. तोही आता गेला.

"मग सही का केलीस?"

तिने भाकरीचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. "तू रिक्षात माझ्याकडे बघत नव्हतास. म्हटलं, याला लाज वाटतेय. ज्याला लाज वाटतेय तो येईल उद्या-परवा आणि सांगेल. आणि सही नाय केली असती तर? आई गेलेली, बाबा गेलेला. तुझंच घर तेवढं माहेर. ते पण घालवू? नवऱ्याची कंपनी तेव्हा चालू होती. म्हटलं, जमिनीचं काय, भाऊ राहू दे." मग म्हणाली, "उद्या-परवा म्हणता म्हणता सोळा वर्षं लागतील असं वाटलं नव्हतं."

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. पंढरी जमिनीकडे बघत म्हणाला, "तिसरा फ्लॅट तुझ्या नावावर करतो."

हे म्हणताना त्याच्या मनात काय होतं ते त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही, पण स्वतःपासून लपवताही आलं नाही. त्याला वाटत होतं, ती म्हणेल, नको रे, एवढं म्हणालास यात आलं सगळं. डोळ्यांना पदर लावील. आणि तो मोकळा होईल.

कलावती म्हणाली, "देतोस तर दे. मी नाय म्हणणार नाही."

पंढरीने वर पाहिलं.

"तीनातला एक," ती म्हणाली. रागाने नाही, टोमणाही नाही. भाकऱ्यांचा हिशेब सांगावा तशी म्हणाली. मग वर्तमानपत्र उचलून पुन्हा टेकूवर कोपर ठेवून उभी राहिली. "चल, उरक. मना दोनला ऑर्डर हाय."

निम्मं तिचं होतं. पश्चात्ताप करतानासुद्धा त्याने आपल्या बाजूने कापून केला होता, आणि ते तिने दोन शब्दांत दाखवलं.

त्या दिवशी हात झाला. त्याने तो खांद्याच्या रेषेत नेलाच नाही. कलावतीचा जिथवर जात होता तिथवरच ठेवला, जरा खाली. कागद खालून धरलेला, तळव्यावर, वरची सगळी बाजू उघडी. सुमेधाताई बघून गेल्या आणि मंडळाला कळवलं, मातीचं मॉडेल पसंत. साचा निघाला, ब्राँझ ओतायला गेलं.

घरात मात्र वणवा पेटला. हेमांगी म्हणाली, "सोळा वर्षांत त्यांनी कधी मागितलं का? तुम्हालाच आता आठवलं."

"मागितलं नाही म्हणून तर."

विनीतने आवाज चढवला. "पप्पा, तुम्ही डिक्लेअर करून टाकलं? मला विचारलं पण नाही? तो फ्लॅट विकून मी दुकान टाकणार होतो, तुम्हाला माहितेय. आत्याला दर महिन्याला काहीतरी देऊया ना. फ्लॅट कशाला?"

"तिचा आहे म्हणून."

"कागदावर तिचा नाहीये. तिने स्वतः सही केलीय."

"ती सही मी कशी घेतली ते तुला सांगू?" पंढरीने विचारलं. आणि सांगितलं. पहिल्यांदाच, पोराच्या देखत, सुनेच्या देखत. वारसनोंद, रिक्षा, पंजा, जिताडा. विनीत उठून गेला. अक्षदा तिथेच उभी होती. तिला स्वतःला दोन भाऊ होते. तिने सासऱ्याकडे जसं पाहिलं ते पंढरीला झोंबलं.

त्यानंतर दोन महिने विनीत बापाशी बोलला नाही. आणि खरं सांगायचं तर पंढरीही ढिला पडला. भाडेकरूची मुदत संपू दे, पुतळ्याचं काम होऊ दे, विनीत जरा शांत होऊ दे. कलावतीने आठवण करून दिली नाही. पूर्वीही तिने काही मागितलं नव्हतं.

मार्चमध्ये एका सकाळी पुतळ्याचं अनावरण झालं. चौकात मांडव, खुर्च्या, शाळेच्या मुलींचं लेझीम. पाहुण्यांनी पडदा ओढला. द्वारकाबाई खांबेटे उन्हात उभ्या होत्या, हातातला अर्ज जरा खाली धरून, हनुवटी पुढे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंढरीला शाल-श्रीफळ दिलं आणि सुमेधाताईंनी माईक त्याच्यापुढे केला. "दोन शब्द बोला."

त्याने रात्रभर ठरवलं होतं काय बोलायचं ते. या बाईने वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेतला नाही, आणि मी माझ्या बहिणीची सही कागद झाकून घेतली; पुतळ्याला उभी राहिली ती हीच बहीण. एवढी तीन वाक्यं. आरशासमोर म्हणून पाहिली होती.

समोर तिसऱ्या रांगेत कलावती बसली होती, ऐश्वर्याला शेजारी घेऊन, ठेवणीतली साडी नेसून.

"माझ्या बहिणीने," पंढरी म्हणाला, "पुतळ्यासाठी उभं राहून दिलं. तिचा खांदा दुखत होता तरी." बाकीची वाक्यं त्याने म्हटलीच नाहीत. त्याने हात जोडले आणि माईक परत दिला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुमेधाताईंनी कलावतीला उभं राहायला लावलं, तिलाही फूल दिलं. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, पंढरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "भाऊ असावा तर असा. भर सभेत बहिणीचं नाव घेतलं."

पंढरी शाल अंगावर घेऊन घामाघूम उभा राहिला. चोरी करताना त्याला कधी कुणी धरलं नव्हतं. पण चोरीबद्दल सत्कार व्हावा ही गोष्ट त्याला सहन होईना.

कलावती जवळ आली. पंढरीला वाटलं, आता ती काही बोलेल. ती म्हणाली, "नाक माझ्यापेक्षा चांगलं काढलंस तिचं." आणि ऐश्वर्याबरोबर स्टेशनच्या रिक्षेकडे गेली.

सोमवारी पंढरीने भाडेकरूला नोटीस दिली. त्या आठवड्यात वकील गाठला. विनीतला फोन करून एवढंच सांगितलं, "दुकानासाठी माझ्याकडे आहे ते घे, पण याच्या आड येऊ नकोस." मेच्या शेवटी बक्षीसपत्र झालं. वकिलाच्या टेबलाशी पंढरीने बहिणीला सगळे कागद पहिल्या पानापासून वाचून दाखवले. सतरा पानं होती. वकील घड्याळ बघत होता. कलावती लक्ष देऊन ऐकत होती, मध्ये दोनदा "थांब, ते पुन्हा सांग" म्हणाली. वाचून झाल्यावर तिने सही केली, सुवाच्य, पूर्ण नाव.

विनीत गृहप्रवेशाला आला नाही. हेमांगी आली, ऐश्वर्याची ओटी भरून गेली. अक्षदा आली ती दिवसभर राहिली, भांडी लावू लागली.

सगळे गेल्यावर पंढरी एकटाच मागे राहिला. कलावतीने चहा टाकला. खिडकीतून खाडीचा तुकडा दिसत होता. खाचरांचा बांध बरोबर कुठे होता ते आता सांगता आलं नसतं. पंढरी कप धरून बसला. ती ऐश्वर्याच्या नोकरीबद्दल बोलली, गच्चीत भाकऱ्यांसाठी चूल मांडायला सोसायटी परवानगी देईल का ते बोलली. पंढरी हो-नाही करत होता आणि वाट बघत होता. कप रिकामा झाला तरी धरून होता.

"पंढरी," ती म्हणाली, "तू काय ऐकायला बसलायस ते मना कळतंय."

त्याने कप खाली ठेवला.

"ते अजून माझ्या तोंडात येत नाय. ऐश्वर्याचं नर्सिंगचं शिक्षण राहिलं, ते आठवलं की नाय येत. तिच्या बापाला शेवटी मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं राहिलं, ते आठवलं की नाय येत. फ्लॅट दिलास ते चांगलं केलंस. ते मी सगळ्यांना सांगते. पण खोटं बोलून तुला मोकळा करणार नाय."

"नको करूस," पंढरी म्हणाला.

"येत जा मात्र. चहा संपला की उठायचं नाय. जेवून जायचं."

पंढरी दर रविवारी जातो. कधी नळाचा वायसर बदलतो, कधी ऐश्वर्याशी गप्पा मारतो, पुष्कळदा नुसता बसतो. कलावती भाकऱ्या थापते, खांदा दुखला की मध्येच थांबते, आणि तो उठून तिच्या हातातली परात घेतो. त्याला भाकरी थापायला येत नाही. पीठ मात्र तो चांगलं मळतो.